इंजिनघरातली दोन चाकं : दुरुस्तीच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

किल्ली कुणाकडेच सापडली नाही, शेवटी कुलूप तोडलं. विहिरीच्या काठावरची ही पत्र्याची खोली घरात सगळ्यांसाठी अजून 'इंजिनघर'च आहे. वीजपंप येऊन पस्तीस वर्षं झाली तरी नाव बदललं नाही. आत इंजिन तसंच उभं, वर कोंबड्यांची खुराडी रचलेली. ती हलवण्यात आणि झाडण्यात सकाळ गेली.

इंजिन राजकोटच्या बनावटीचं. इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीचा जो जुना नमुना, त्यावरून राजकोटला अशी इंजिनं कित्येक वर्षं बनत राहिली. एक सिलिंडर, चार स्ट्रोक (पिस्टनच्या धावा), ६ अश्वशक्ती, मिनिटाला ६५० फेऱ्या. सिलिंडरचा व्यास साडेचार इंच, स्ट्रोक साडेपाच इंच. दोन्ही बाजूंना ओतीव लोखंडाची दोन मोठी आऱ्यांची चाकं, म्हणजे वेग सांभाळणारी फ्लायव्हील, व्यास ६० सें.मी. लहानपणी मला वाटायचं की या चाकांनीच पाणी वर येतं.

तात्या (माझे चुलते) म्हणाले, मोटर बसण्याआधी आजोबांनी याच इंजिनावर छोटा जनरेटर लावून घरात दिवा आणला होता. "पण दिवा धापा टाकायचा बघ. इंजिन जसं धकधक करील तसा तोही."

ते ऐकल्यावर मनात पक्कं झालं. पाडव्याला, म्हणजे ३० मार्चला, इंजिन चालू करायचं आणि दिवाही लावायचा, शक्यतो धापा न टाकणारा.

१९ जानेवारी, रविवार

गावातले निवृत्त मिस्त्री आले. त्यांनी हीच इंजिनं तीस-चाळीस वर्षं उघडली आणि बसवली आहेत. आल्या आल्या चाकाला हात लावून मागेपुढे हलवलं. बारीक 'टक' असा आवाज. मी म्हणाले, बेरिंग गेलं असेल. "न्हाय ताई. बेरिंगचा आवाज जाड येतो. ही चावी ढिली हाय."

चावी म्हणजे चाक आणि क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरता दांडा) एकत्र धरणारी निमुळती पोलादी पट्टी. दोघांतल्या खाचेत ठोकून बसवलेली. तीच ढिली असेल तर प्रत्येक स्फोटाला शाफ्ट आधी पुढे जातो आणि मग चाकाला धक्का देतो. सेकंदाला पाच वेळा असा हातोडा बसला की एके दिवशी चाकाचा तुंबा (मधला जाड गड्डा, ज्यात शाफ्ट बसतो) चिरतो.

चाकं काढण्याआधी दोन्ही चाकांवर आणि शाफ्टवर पंचाने खुणा केल्या. चाकाच्या कडेचा एक भाग मुद्दाम जाड ओतलेला आहे, पिस्टन-कनेक्टिंग रॉडच्या वजनाला तोल म्हणून. तो उलटसुलट बसला तर इंजिन पायातून उड्या मारील. डाव्या चाकाची चावी पाचरीने निघाली. उजव्या चाकाची निघायला संध्याकाळ झाली, रॉकेल सोडून, तापवून, पुन्हा ठोकून.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून थेट शेतावर.

चाकं लाकडी ठोकळ्यांवर उभी करून वाजवून पाहिली. आठवडेबाजारात माठ घेताना बोटाने टिचकी मारून बघतात, अगदी तसं. डावं चाक घंटेसारखं लांबवर घुमलं. उजवं 'थप' करून गप्प झालं. मिस्त्री काहीच बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे पाहिलं.

मग रॉकेलची परीक्षा केली. तुंबा घासून स्वच्छ केला, रॉकेल लावलं, दहा मिनिटांनी कोरडं पुसलं आणि वर खडू फासला. भेगेत मुरलेलं रॉकेल हळूहळू खडूत उतरतं. पाच मिनिटांत चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून निघालेली ओली रेघ दिसली, सुमारे दोन इंच लांब.

मिस्त्रींनी सांगितलं की पूर्वी अशा तुंब्यावर लोखंडी कडी तापवून चढवत. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात तशीच, थंड झाली की आवळून धरते. त्यांनी स्वतः अशी तीन चाकं वाचवली आहेत. त्यांच्या हातावर माझा पूर्ण विश्वास आहे. तरी मी नको म्हटलं. ओतीव लोखंड दाब छान सोसतं, पण ताण सोसण्यात कच्चं आहे, आणि तुटताना सूचना देत नाही. फिरणाऱ्या चाकाची कड कायम बाहेर फाकायला बघत असते, म्हणजे सगळा ताणच. या खोलीत मुलं येणार आहेत.

हे चाक आता अंगणात तुळशीजवळ ठेवायचं. पुन्हा फिरवायचं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. चौथ्या दुकानात जोडीचं चाक मिळालं, एका गुऱ्हाळाच्या इंजिनाचं. वाजवलं, घुमलं. रॉकेल-खडू तिथेच केला, दुकानदाराने कौतुकाने पाहिलं. काट्यावर १०८ किलो. आमचं चांगलं चाक ११० किलो. भोक, रुंदी, जाड भागाची जागा, सगळं जुळतं.

९ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस सगळ्यात आवडता.

चाकाचं वजन कळलं, पण नुसतं वजन कळून भागत नाही. ते वजन आसापासून किती लांब आहे ते महत्त्वाचं. तुंब्यातला किलो जवळजवळ फुकट, कडेवरचा किलो लाखमोलाचा. चाकात साठणारी ऊर्जा अंतराच्या वर्गाने वाढते. म्हणून तर फ्लायव्हीलला आरे ठेवून सगळं लोखंड कडेला नेतात. हाताने चालवायची कडबा कुट्टी आठवून पाहा. तिचं मोठं चाक हेच काम करतं. पातं वैरणीत शिरतं तेव्हा हाताला जेवढा हिसका बसायला हवा तेवढा बसत नाही, कारण तो चाक सोसतं.

कॉलेजात जडत्व आघूर्ण (फिरण्यातला बदल वस्तू किती अडवते त्याचं माप) मोजायला दोरीने वजन सोडायचा प्रयोग होता. इथे सोपी युक्ती केली. चेनब्लॉकला (वजन उचलायच्या साखळी-कप्पीला) अँगलचा तुकडा धार वर करून आडवा बांधला आणि त्यावर चाकाची आतली कड अडकवून ते टांगलं. मग हलका झोका दिला. ११० किलोचं लोखंड घड्याळाच्या लंबकासारखं शांतपणे डुलायला लागलं. वीस झोक्यांना २७.८ सेकंद. जाड भागामुळे गुरुत्वमध्य सरकलेला असणार, म्हणून समोरासमोरच्या दोन बाजूंनी टांगून सरासरी घेतली.

एका झोक्याला १.३९ सेकंद, टांगणीपासून मध्यापर्यंत २२.५ सें.मी. यावरून हिशेब येतो की सगळं वजन जणू आसापासून २४ सें.मी.वर गोळा झालंय. ओतणाऱ्याने लोखंड योग्य जागी घातलं आहे. दोन्ही चाकं मिळून जडत्व आघूर्ण सुमारे १२.५ किलोग्रॅम-वर्गमीटर.

तात्या सगळा वेळ वही धरून झोके मोजत होते. एकदा चुकले तर स्वतःच म्हणाले, "पुन्हा घे."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार (पुणे, रात्री)

हिशेब लिहून ठेवते.

६५० फेऱ्यांना या दोन चाकांत सुमारे २९,००० ज्यूल ऊर्जा साठते. आकडा डोळ्यांपुढे येत नाही म्हणून दुसऱ्या तऱ्हेने मांडला. एका चाकातली ऊर्जा त्याच चाकाला साडेतेरा मीटर, म्हणजे ४५ फूट उंच उचलील. आमची विहीर जवळजवळ तेवढीच खोल आहे.

आता इंजिनाची बाजू. चार स्ट्रोकमध्ये शाफ्टच्या दोन फेऱ्या होतात: हवा आत घेणं, दाबणं, स्फोट, धूर बाहेर टाकणं. चारांतला एकच स्ट्रोक काम देतो, बाकीचे तिघे घेतात, आणि दाबण्याचा स्ट्रोक तर चांगलाच घेतो. ६ अश्वशक्तीला दर दोन फेऱ्यांमागे बाहेर जाणारं काम येतं सुमारे ८२५ ज्यूल. पण चाकाला त्याहून जास्त उचलून ठेवावं लागतं, कारण स्फोटाच्या वेळी आलेल्यातून पुढच्या तीन स्ट्रोकचंही भागवायचं असतं. एक सिलिंडर चार स्ट्रोकच्या इंजिनासाठी पाठ्यपुस्तकात १.९३ हा गुणक देतात. म्हणजे सुमारे १,६०० ज्यूल प्रत्येक चक्रात चाकात जातात आणि परत येतात.

२९,००० मधून १,६०० आत-बाहेर झाल्याने वेग किती हलतो? पावणेतीन टक्के. इंजिन कधीच सरळ ६५० वर नसतं, ६४१ ते ६५९ च्या मध्ये सेकंदाला ५.४ वेळा हेलकावे घेतं. आजोबांच्या दिव्याची धाप ती हीच.

तात्यांनी फोनवर विचारलं, "गव्हर्नर आहे की त्याला. मग चाक कशाला?" गव्हर्नर म्हणजे डिझेल कमी-जास्त करून वेग राखणारी रचना. प्रश्न अगदी नेमका. पिठाची चक्की अडली, भार वाढला, तर गव्हर्नर डिझेल वाढवतो. पण त्याला तसं करायला काही फेऱ्या जाव्या लागतात. एका स्फोटापासून पुढच्या स्फोटापर्यंतच्या अठरा शतांश सेकंदात त्याच्या हातात काहीच नसतं. तेवढा काळ फक्त चाक सांभाळतं. गव्हर्नर घरखर्च बघतो आणि चाक आजच्या दिवसाची चूल पेटती ठेवतं, असं सांगितलं तर लगेच पटलं.

कुंभाराचं चाक हे याचंच फार जुनं रूप. काठी खाचेत घालून दहा-बारा गरके दिले की कुंभार काठी बाजूला ठेवतो. पुढे माती दोन्ही हातांत आणि फिरवणं चाकाकडे. गरक्यांचे धक्के तुटक, पण मडक्याला मिळणारी फेरी अखंड.

२३ फेब्रुवारी, रविवार

चाकं चढली. नव्या चावीला निळा रंग लावून खाचेत घालायची, काढायची, जिथे रंग पुसला तिथे कानसायचं, पुन्हा घालायची. मिस्त्रींनी हे अकरा वेळा केलं. शेवटी रंग पूर्ण लांबीवर सारखा उमटला तेव्हाच ठोकली. आता 'टक' नाही.

मग हँडल. मिस्त्री म्हणाले, दणदण फिरवा आणि मी सांगीन तेव्हाच व्हॉल्व्हचा लिव्हर सोडा. तोवर व्हॉल्व्ह उचललेला राहतो, हवा दाबली जात नाही आणि चाक हलकं फिरतं. पहिल्या वेळी घाईत लवकर सोडला. इंजिन एका फुसकाऱ्यात जागीच अडलं. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा ते "आता!" म्हणाले तेव्हा सोडला, आणि एक काळा ढग, एक दणका, मग धकधक धकधक.

रात्री हिशेब केला तेव्हा त्यांचं "आता" कुठे येतं ते कळलं. १.४३ लिटर हवा सतरा पट दाबायला साडेपाचशे-सहाशे ज्यूल लागतात. मिनिटाला ६० फेऱ्यांना चाकांत फक्त २५० ज्यूल असतात, म्हणजे दाब पुरा होण्याआधी चाक संपतं. १०० फेऱ्यांना जवळजवळ ७०० होतात. वेग दीडपट-पावणेदोनपट झाला की ऊर्जा पावणेतीनपट. मिस्त्रींच्या हाताला हा वर्गाचा नियम चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे.

२ मार्च, रविवार

जनरेटर जोडला, १५०० फेऱ्यांचा, चार पोलचा. पट्टा ताणला, दिवा लावला.

धापा टाकतो. तात्यांनी हसून माझ्या पाठीवर थाप दिली. त्यांना तो दिवा ओळखीचा वाटला असावा.

फोनवर मंदगतीने चित्रण केलं, सेकंदाला २४० चित्रं. दोन मंद क्षणांमध्ये ४४ चित्रं येतात, म्हणजे सेकंदाला साडेपाचच्या आसपास. १४ फेब्रुवारीचा आकडा समोर चमकताना पाहून फार बरं वाटलं.

वेग पावणेतीन टक्के हलतो, मग उजेड एवढा का हलतो? कारण तारेच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या तिसऱ्या घातापेक्षाही जास्त वेगाने बदलतो. थोडं व्होल्टेज घसरलं की उजेड नऊ-दहा टक्के घसरतो, आणि सेकंदाला पाच-दहा वेळा होणारी लुकलुक डोळ्यांना सगळ्यात जास्त खुपते. ४० वॅटचा काढून १०० वॅटचा लावला तर धाप जरा कमी झाली. जाड तार उशिरा निवते, तिच्यापुरतं तेच उष्णतेचं फ्लायव्हील.

८ मार्च, शनिवार (पुणे)

मी ज्या कारखान्यात आहे तिथे पॉवर प्रेस आहेत. रोज बघते, पण आज थांबून पाहिलं. मोटर लहानशी, चाक माणसाहून उंच. मोटर सेकंद-दीड सेकंद निवांतपणे चाकाला वेग देत राहते आणि पंच पत्र्यात शिरतो त्या निमिषात चाक सगळं ओतून टाकतं. आमच्या इंजिनाच्या नेमकं उलट. तिथे मिळणं झटक्यात आणि देणं संथ, इथे मिळणं संथ आणि देणं झटक्यात. चाक तेच.

याच उलट्या पद्धतीचं एक मोठं उदाहरण इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या कलहम इथलं. जेट नावाच्या अणुसंमीलन यंत्राला काही सेकंद एवढी प्रचंड वीज लागायची की ती थेट विजेच्या जाळ्यातून ओढणं परवडणारं नव्हतं. म्हणून दोन फ्लायव्हील जनरेटर होते, प्रत्येकाचा फिरता भाग ७७५ टनांचा. मिनिटाला २२५ फेऱ्यांपर्यंत सावकाश वेग चढवायचा आणि प्रयोगाच्या क्षणी वेग उतरवत वीज काढून घ्यायची. २०२३ च्या डिसेंबरात ते यंत्र कायमचं थांबलं.

स्वित्झर्लंडमध्ये १९५३ ते १९६० या काळात इव्हर्दों गावात चाकावर चालणारी बस होती. दीड टनाचं चाक मिनिटाला ३००० फेऱ्यांपर्यंत थांब्यावर विजेने फिरवून घ्यायचं आणि त्याच्या जोरावर पुढचे काही किलोमीटर जायचं. ना वरच्या तारा, ना धूर. मला ही कल्पना अतिशय सुंदर वाटते.

आणि विजेचं जाळं? कोयनेच्या डोंगराच्या पोटातल्या जनित्रांचे अवजड रोटरही (फिरते भागही) फ्लायव्हीलच आहेत. कुठे एखादं केंद्र अचानक बंद पडलं की देशभरची फिरती यंत्रं आपल्या वेगातून पहिले काही सेकंद भरून काढतात आणि विजेची ५० हर्ट्झची वारंवारता एकदम कोसळत नाही. सौर पॅनेलमध्ये काही फिरत नाही, त्यामुळे ती वाढतात तसा हा आधार कमी होतो. आयर्लंडमध्ये मनीपॉइंट इथे २०२२ मध्ये निव्वळ एवढ्यासाठी १३० टनांचं फ्लायव्हील बसवलं आहे. ते वीज तयार करत नाही, जाळ्याच्या तालात फिरत राहतं.

१६ मार्च, रविवार

धापेवर उपाय. इंजिनाची चाकं जड करणं शक्य नाही, बेरिंगांवर भार वाढेल. पण जनरेटरचा शाफ्ट इंजिनाच्या २.३ पट वेगाने फिरतो. वेगाचा वर्ग घेतला की तिथला एक किलो इंजिनावरच्या पाच किलोंहून जास्त काम करतो.

४५ सें.मी. व्यासाची, २५ मि.मी. जाड पोलादी तबकडी कापून, कातून घेतली. ३१ किलो. जनरेटरच्या टोकाला लटकवायची नाही, त्याची बेरिंगं त्यासाठी नसतात. वेगळा छोटा शाफ्ट, दोन प्लमर ब्लॉक (शाफ्ट पेलणारी बेरिंगची घरं), मध्ये तबकडी, एका टोकाला पट्ट्याची पुली, दुसऱ्या टोकाला रबराचं कपलिंग (दोन शाफ्टांचा जोड) आणि मग जनरेटर. तोल बघायला शाफ्टसकट दोन समांतर सरळ पट्ट्यांवर लोळवली. जड बाजू खाली येऊन थांबते, तिथे थोडं खोदायचं. कुठेही थांबवली तरी तिथेच राहीपर्यंत.

पोलादच का? इंजिनाच्या चाकाची कड ताशी ७३ किलोमीटरने फिरते, सेकंदाला सुमारे २० मीटर. ओतीव लोखंडाला जुना दंडक सेकंदाला ३० मीटरचा. या तबकडीची कड ३५ मीटरने जाणार, म्हणजे ओतीव लोखंड बाद. शिवाय आरे नसलेली सलग तबकडी जास्त भरवशाची. आणि एक लक्षात ठेवायचं: कडेवरचा ताणही वेगाच्या वर्गानेच वाढतो. गव्हर्नर अडकून इंजिन दुप्पट पळालं तर ताण चौपट. म्हणून गव्हर्नरचे सांधे आज सगळे उघडून धुतले, आणि डिझेलचा कॉक दारातून हात पोचेल असा बाहेरच्या भिंतीवर आणला. सुरू केल्यावर चाकाच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. तात्यांनी जमिनीवर चुन्याची रेघ मारली.

२३ मार्च, रविवार

हिशेबाप्रमाणे हेलकावा २.७५ टक्क्यांवरून २.०५ पर्यंत उतरायला हवा होता. चित्रणात मंद-तेज यांतलं अंतर स्पष्ट कमी दिसतं. डोळ्यांनाही कळतं. पण धाप पूर्ण गेलेली नाही. १०० वॅटच्या दिव्याखाली आज वर्तमानपत्र वाचलं, त्रास झाला नाही. ४० वॅटच्या दिव्याखाली अजून होतो.

तबकड्या दोन केल्या तर आणखी उतरेल. पण पट्टा सुरू होताना आत्ताच चिरकतो, कारण तबकडीला वेग द्यायचं कामही त्याच्यावरच आहे. इथे थांबते.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

गुढी उभारून सगळे शेतावर. चुन्याच्या रेघेबाहेर चौदा माणसं. मिस्त्रींना चाकाला हार घालायला सांगितलं. हँडल तात्यांनी मागून घेतलं आणि "आता" स्वतःच ठरवलं. पहिल्याच वेळी लागलं.

दिवा लागला. धाकटी आत्या बराच वेळ बघत होती, म्हणाली, "आपल्या वेळेपेक्षा शांत आहे."

दोन तास चाललं. मग डिझेल तोडून व्हॉल्व्ह उचलला. स्फोट थांबले आणि पहिल्यांदाच नुसत्या चाकांचा आवाज ऐकू आला, हवेचा बारीक घुमारा. कुणी बोललं नाही. वेग उतरत गेला तसे आरे एकेक करून डोळ्यांना सुटे दिसू लागले. मी घड्याळ लावलं होतं: ५२ सेकंद. शेवटी चाक जाड भाग खाली घेऊन एकदा मागे डोललं आणि थांबलं.

राहिलेलं काम: दोन्ही चाकांना आणि पट्ट्याला लोखंडी जाळी. मे महिन्याची सुट्टी लागण्याआधी बसायला हवी. मापं घेतली आहेत, ६ एप्रिलला वेल्डर येतोय.